कारभारी आणि त्याचा हिशेब

मराठवाड्याच्या खेड्यात जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. ‘आमचे कारभारी’ म्हणते. शब्द मानाचा आहे, पण त्यात मालकी नाही. कारभारी म्हणजे दुसऱ्याची दौलत सांभाळणारा आणि विचारले की हिशेब पुढे ठेवणारा. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात धन्याची मालमत्ता उडवल्याचा ठपका ज्याच्यावर येतो, त्या माणसाला मराठी बायबलमध्ये कारभारीच म्हटले आहे. पैशाविषयीचा ख्रिस्ती विचार या शब्दापासून सुरू होतो. जमीन, दागिना, हातातले कसब, आयुष्याची वर्षे या साऱ्यांचा धनी देव आहे. माणसाकडे असतो तो कारभार.

दशांश दिला की उरलेले नऊ भाग आपल्या मर्जीचे, अशी समजूत पुष्कळ घरांत असते. कारभाराच्या कल्पनेत ती बसत नाही, कारण हिशेब दहाही भागांचा द्यायचा असतो. पैसा मुळातच पाप आहे, ही दुसरी समजूतही तितकीच चुकीची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोष पैशाला दिलेला नाही, पैशाच्या लोभाला दिला आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तलांतांचा दृष्टांत तर आणखी पुढे जातो. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्या चाकराला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हाती मजुराची जवळपास वीस वर्षांची कमाई होती. त्याने ती जमिनीत पुरून ठेवली. त्याने एक पैही गमावली नव्हती. काहीच केले नाही म्हणून तो दोषी ठरला.

या विषयावरचे बरेचसे लेखन अमेरिकेतून आले आहे आणि ते महिन्याच्या पगारावर बेतलेले आहे. पगार आला की आधी दान, मग बचत, मग खर्च. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला. कार्डावरचे कर्ज आधी फेडा. शिक्षक, परिचारिका, एस. टी. कर्मचारी यांच्या घरात हे लागू पडते. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांत पैसा महिन्याला येतच नाही. सोयाबीन मोंढ्यावर गेले की अडत्याची पट्टी हातात पडते, हरभरा किंवा ज्वारी निघाली की पुन्हा थोडे पैसे दिसतात, आणि मधले महिने उधारीवर जातात. भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याकडे तर कामाच्या आधी पैसा येतो, ‘उचल’ म्हणून. जिल्ह्यातले ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहेत, पण शेती, मजुरी आणि स्थलांतर यांच्या फेऱ्यात तेही शेजाऱ्यांसारखेच आहेत. त्यांच्या हाती पगारदाराचे अंदाजपत्रक देणे म्हणजे जिरायतदाराला पाटाच्या पाळीचे वेळापत्रक देण्यासारखे आहे.

खरे तर बायबल पगारदारांसाठी लिहिलेले पुस्तक नाही. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात दोन देशांची तुलना आहे. मिसर देशात माणूस पाय चालवून मळ्याला पाणी देतो. पुढे जो देश मिळणार आहे तो आकाशाकडून पडेल तेवढेच पाणी पितो. पश्चिम महाराष्ट्राचे कालवे आणि बालाघाटाच्या माथ्यावरची कोरडवाहू रानं ज्याने पाहिली आहेत, त्याला या ओळींवर टीप लागत नाही. पहिले पीक, सातव्या वर्षीची पड, शेताच्या कडेला गरिबासाठी सोडलेली कणसे, दुष्काळात गहाण पडलेली जमीन या गोष्टी बायबलच्या अर्थकारणाचा गाभा आहेत, आणि त्या धाराशिवमध्ये परक्या नाहीत.

बचतीपासून पाहू. उत्पत्तीच्या एक्केचाळिसाव्या अध्यायात योसेफ फारोला सांगतो की सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवावा. हे प्रमाण दरवर्षीचे नाही, चांगल्या वर्षाचे आहे, आणि कोरडवाहू घराला नेमके हेच हवे असते. ज्या वर्षी पिकले नाही त्या वर्षी बचतीचा आग्रह क्रूर ठरतो, आणि ज्या वर्षी पिकले त्या वर्षी पाचवा हिस्साही वेगळा काढला नाही तर तो निष्काळजीपणा ठरतो. आजीच्या काळी हा हिस्सा पेवात किंवा कणगीत असे. आज तो निदान तीन ठिकाणी विभागलेला बरा. उपदेशकाच्या अकराव्या अध्यायातही आपला वाटा सात-आठ ठिकाणी ठेवण्याचा सल्ला आहे. थोडे धान्य घरात. थोडी रक्कम बँकेत, जिथे ठेवीला प्रति ठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, आणि जास्त व्याजाच्या मोहात हा फरक विसरला जातो. उरलेला भाग दावणीला. या जिल्ह्याचे जुने नाव जगभर पोहोचवणारी उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध आहे. गरिबाच्या घरात ती चालतीबोलती ठेवच असते. दवाखान्याचा खर्च आला की एक विकायची, कर्ज काढायचे नाही. मात्र रोगाची साथ आली तर ही ठेव एका आठवड्यात जाते, म्हणून लसीकरण आणि विमा हेही बचतीतच मोजावेत.

विभागणीचे एक उत्तम उदाहरण ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात रुजलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने शेतकरी स्त्रियांना एक एकराचा मार्ग दाखवला. घरच्या रानातला एक एकर बाईच्या निर्णयाखाली घ्यायचा, आणि त्यात ऊस-सोयाबीनऐवजी डाळी, धान्ये, भाजीपाला अशी मिश्र खाण्याची पिके लावायची. बाजार पडला तरी ताट रिकामे राहत नाही, आणि घरातल्या हिशेबाला दुसरा कारभारी मिळतो.

आता कर्ज. बायबल कर्जाला सरसकट पाप म्हणत नाही. ऋणको धनकोचा दास होतो, हे नीतिसूत्रांतले निरीक्षण आहे. निर्गम आणि लेवीय यांतली मनाई गरीब भावाकडून व्याज घेण्याला आहे. दासपण हा अलंकार नव्हे, हे नहेम्याच्या पाचव्या अध्यायावरून कळते. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेते, मळे, घरे गहाण टाकली, करासाठी रक्कम उचलली, आणि शेवटी मुलेमुली गुलामीत दिली. नहेम्याने सभा बोलावून आपल्याच जातभाई सावकारांना जमिनी आणि शंभरावा भाग परत करायला लावले. अभ्यासक त्या शंभराव्या भागाचा अर्थ बहुधा दरमहा शेकडा एक असा लावतात. आजही गावात खासगी व्याज ‘शेकडा’ मोजतात, आणि ते दरमहा असते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पाच म्हणजे साठ. आकडा महिन्याच्या भाषेत लहान दिसतो आणि वर्षाच्या भाषेत तो कोणी बोलत नाही. सावकारीचे निम्मे बळ या सवयीत आहे.

याच प्रश्नावर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दख्खनचे दंगे पेटले. शेतकऱ्यांनी हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. इंग्रज सरकारने १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी मदतीचा कायदा केला. त्या वेळी धाराशिव निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे त्या कायद्याचा हात इथवर पोहोचला नाही. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकासाठीही शेतकऱ्याच्या तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांची मर्यादा ठरवलेली आहे, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. मंडळीच्या पाळकाने प्रार्थनेबरोबर हा पत्ताही सांगायला हरकत नसावी.

दुसऱ्या बाजूला, ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडते. इथे ‘नवे-जुने’ करण्याची पद्धत आडवी येते. मुदतीच्या दिवशी सावकाराकडून रक्कम आणून खाते बंद करायचे, दोन-चार दिवसांत नवे कर्ज उचलायचे आणि सावकाराची रक्कम वर व्याज घालून परत द्यायची. कागदावर बिनव्याजी असलेले कर्ज असे व्याजी होते. पीक विकल्यावर पट्टीतून कर्जाचा हप्ता आधी वेगळा काढणे, म्हणजे दिवाळीच्या खरेदीपूर्वी, एवढाच त्यावर इलाज आहे. कोणाचे देणे अंगावर ठेवू नये, हे पौलाने रोमकरांस लिहिले. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याचा अर्थ पट्टीच्या दिवसाची शिस्त असा होतो.

जामिनकीचा प्रश्न याहून अवघड आहे. नीतिसूत्रे परक्यासाठी जामीन राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा बजावतात. राहिलाच असशील तर झोपण्याआधी जाऊन सुटका करून घे, इथपर्यंत. खेड्यात मात्र सही नाकारणे म्हणजे नाते तोडणे. आणि गंमत अशी की ज्या सोसायटीतून गावाला पीक कर्ज मिळते, तिचा जन्मच एकमेकांच्या जामिनकीतून झाला, तोही एका धर्मनिष्ठ ख्रिस्ती माणसाच्या हातून.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन १८१८ मध्ये जर्मनीत जन्मला आणि ऱ्हाइनकाठच्या डोंगराळ भागात गावांचा प्रशासक झाला. १८४६-४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्याने श्रीमंतांकडून पैसे गोळा करून गरिबांना भाकरी पुरवली. पुढे अनुभवाने त्याला कळले की दात्यांच्या भूतदयेवर चाललेले काम दाते थकले की थांबते. १८६० च्या दशकात हेडेसडॉर्फ येथे त्याने कर्ज घेणाऱ्यांचीच संस्था उभी केली. क्षेत्र एका गावापुरते, किंवा एका धर्मग्रामापुरते, सभासदांची जबाबदारी अमर्याद, कारभारी बिनपगारी, कर्ज उत्पादक कामासाठी. शेजाऱ्यावरील प्रीती या आज्ञेचे हे व्यवहारातले रूप आहे, अशी त्याची धारणा होती. मद्रासचा अधिकारी फ्रेडरिक निकल्सन याने १८९५ आणि १८९७ च्या अहवालांत हिंदुस्थानच्या खेड्यांसाठी याच माणसाच्या पद्धतीकडे बोट दाखवले, आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यातून झाला. १९०९ मध्ये योहान हॉफमन या जेझुइट धर्मगुरूने रांचीत आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी कॅथलिक मिशनची पतसंस्था काढली. वसईत १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली पतसंस्था आज बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. मराठी ख्रिस्ती समाजाने पैशाच्या क्षेत्रात उभारलेले हे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल.

मग नीतिसूत्रांचे काय? विरोध दिसतो तेवढा खरा नाही. शास्त्राचा इशारा परक्याच्या जामिनकीविरुद्ध आहे. रायफायझनने संस्थेची हद्द एका गावाएवढी ठेवली ती यासाठीच, की कोणाचे बियाणे पेरणीत गेले आणि कोणाचे पत्त्यांत, हे सगळ्यांना दिसावे. ओळख हेच तारण होते. सोसायटी मोठी झाली, सही ही केवळ रीत उरली, आणि जामीनदाराला कर्जदाराचे शेतही ठाऊक नसले की इशारा पुन्हा लागू होतो. घरासाठी नियम बांधायचा तर असा बांधता येईल: जेवढी रक्कम भेट म्हणून देण्याची तयारी आहे, तेवढ्याच रकमेला जामीन राहावे.

आता दशांश, आणि सुरुवात ऊसतोडीच्या उचलीपासून. उचल ही कमाई नव्हे, ते कर्ज आहे. फक्त फेड पैशाने नसून कोयत्याने असते. मुकादमाकडून आलेल्या रकमेवर दशांश द्यावा का, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. दशांश उत्पन्नावर असतो, आणि उचल फिटून जे उरेल ते उत्पन्न. शेतीत मात्र खत, बियाणे, मजुरी वजा केल्यावरचा आकडा धरायचा की पट्टीवरचा पूर्ण आकडा, यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. दशांशाची मूळ आज्ञा धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरांची होती. दर तिसऱ्या वर्षी तो दशांश गावातच साठवून लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना खायला द्यायचा असे. त्यात मंदिराचा वाटा होता तसा गरिबांच्या कोठाराचाही होता. नव्या करारात पौल आकडा सांगत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानाने बाजूला काढा आणि कुरकुरत देऊ नका, एवढेच म्हणतो. कॅथलिक चर्च ठरावीक दशांश सक्तीने मागत नाही. अनेक प्रॉटेस्टंट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत त्याचा आग्रह असतो. आग्रहापर्यंत ठीक. पण अर्पणाला ‘बीज’ म्हणायचे आणि शंभरपट परताव्याचे आमिष दाखवून कर्जबाजारी घराकडून पैसा घ्यायचा, ही शिकवण कारभाराची नाही, भिशीची आहे. मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या नेमकी आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवरची टीका आहे. ती सोडून गोष्ट सांगता येत नाही.

दानाच्या दुसऱ्या टोकालाही धोका असतो, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयात तो हसतखेळत नोंदला गेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे; समोर गरजू आला की खिसा रिकामा. त्या औदार्याची घरातली बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिली, आणि ती वाचताना हसू येते तसे पोटात कालवतेही. टिळक स्वतः तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. तुकारामांनी वाट्याला आलेली कर्जखते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा आहे; लेवीयातल्या पन्नासाव्या वर्षाच्या सुटकेशी ती किती जुळते! पण खते बुडवली तरी घर चालवावे लागतेच. या बाबतीत पंडिता रमाबाईंचा केडगावचा आश्रम हा वेगळा वस्तुपाठ आहे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुली-स्त्रियांचा भार त्यांनी प्रार्थनेवर सोपवला, आणि त्याच वेळी विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा करून प्रत्येकीच्या हाताला काम दिले. इंग्लंडात धर्मोपदेशक जॉन वेस्लीने तिसरा मार्ग चालून दाखवला होता. तीस पौंडांच्या उत्पन्नात अठ्ठावीस पौंडांत भागवायचे, आणि उत्पन्न साठ, नव्वद, एकशे वीस झाले तरी खर्च अठ्ठावीसच ठेवून बाकीचे देऊन टाकायचे. वेस्लीची ही रीत संसार असलेल्याला जशीच्या तशी पेलणार नाही. पण वाढलेली मिळकत वाढलेल्या खर्चात आपोआप जिरते, ती का जिरावी, हा प्रश्न तिने ठेवलेला आहे.

खर्चात सर्वांत मोठा खड्डा लग्नाचा. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घ्या म्हटले आहे. स्लॅबवरून गज वर आलेली, गिलावा न झालेली घरे प्रत्येक गावात दिसतात, तेव्हा बांधकामाबाबत हा धडा समजतो. मांडवाबाबत समजत नाही. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि चर्चमधल्या विवाहालाही तो कायदा लागू आहे.

मजुरी देणारा ख्रिस्ती शेतकरी हाही या विषयाचा भाग आहे, जरी बहुतेक पुस्तके तो वगळतात. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवाद सांगतो. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालगडी ठेवणाऱ्या भागात याचा अर्थ ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी, आणि आजारपणाचे खाडे माणुसकीने धरणे.

१० ते १२ जानेवारी २०२० रोजी धाराशिवमध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या पदावर आलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळचे संपादक. पतसंस्थेची शतकाची परंपरा असलेल्या वसईचा माणूस संत गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात मराठीतून बोलला, म्हणजे ख्रिस्ती विचार इथे पाहुणा नाही हे सगळ्यांनी पाहिले. कायद्याच्या दृष्टीने मात्र या समाजाच्या काही वाटा शेजाऱ्यांहून वेगळ्या आहेत, आणि त्या माहीत नसल्याने नुकसान होते.

अनुसूचित जातीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात ती इतर मागास वर्गात मोडतात. अल्पसंख्याक म्हणून मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जयोजना त्यांना खुल्या आहेत. वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदा लागत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. मृत्युपत्र न करता पुरुष वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी असा भेद न करता सारखे. जन्माने मिळणारा वडिलोपार्जित हिस्सा इथे नाही, त्यामुळे बाप हयात असताना मुलाला वाटणी मागता येत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. ते नव्याने करावे लागते. बँकेतल्या खात्याला लावलेला नॉमिनी मालक होत नाही. तो रक्कम स्वीकारतो आणि कायदेशीर वारसांच्या वतीने सांभाळतो. सातबाऱ्यावरची वारस नोंद ही वेगळी पायरी आहे. त्यासाठी मृत्यूनंतर तलाठ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि विधवेचे नाव त्या अर्जात आहे की नाही हे सही करण्याआधी वाचून घ्यावे लागते.